वडा जमला, पाव मिळेना

हॅम्बुर्गला येऊन आता चार वर्षं होतील आणि त्यातलं जवळजवळ दीड वर्ष मी वडापाव शोधतेय, म्हणजे रोज नाही, पण दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी करून बघायचं, कुणी सांगितलं म्हणून कुठल्या तरी टोकाला जाऊन खाऊन यायचं, अमक्या दुकानातला तमका ब्रेड आणून त्यात वडा घालून बघायचा, असं चाललेलं. शेवटी जमला. कसा जमला ते सगळं लिहिते, कारण मला सुरुवातीला कुणी हे सांगितलं असतं तर निम्मे रविवार वाचले असते.

मी ठाण्याची. राम मारुती रोडला क्लास असायचा, सुटायला सात वाजायचे, आणि स्टेशनकडे चालत येताना वाटेत एक गाडी होती, तिथे थांबल्याशिवाय घरी गेलेली मला आठवत नाही. तिथला माणूस पाव हातात घेऊन सुरीने अर्धाच चिरायचा, आत सुकी लाल चटणी बोटांनी दाबून भरायचा आणि मग झाऱ्यातला वडा सरळ त्यात, वरून तळलेली मिरची, मीठ लावलेली. कागदाला तेल सुटायच्या आत संपलेला असायचा. माझ्या डोक्यात वडापाव म्हणजे हा. आता यात भानगड अशी की ठाण्यातच गजाननकडे बेसनाची पिवळी चटणी मिळते आणि तिकडे खाणारे म्हणतात तिच्याशिवाय वडापाव नाहीच, दादरला कीर्ती कॉलेजपाशी चुरा घालून देतात, कल्याणचा खिडकी वडा वेगळा. आणि माझा नवरा कोल्हापूरचा, त्याच्यासाठी वड्याबरोबर ब्रेडच्या स्लाइस असतात! त्यामुळे मी पहिल्यांदा "अस्सल वडापाव शोधायचा" म्हटलं तेव्हा घरातच दोन तास वाद झाला की अस्सल म्हणजे कुणाचा. मग मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं, ठाण्याच्या त्या गाडीवरचा. दुसऱ्या कुणाचा खोटा आहे असं नाही, पण शोधायचं तर एकच काहीतरी शोधावं लागतं.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. इथे मेन स्टेशनच्या मागे श्टाइनडाम म्हणून रस्ता आहे, तिथे तुर्की, अफगाण, भारतीय अशी सगळी दुकानं एकाला लागून एक, तिथून फ्रोझन बटाटेवडे आणले आणि सुपरमार्केटमधून बर्गर बन. वडे वाईट नव्हते खरं सांगायचं तर. पण पहिला घास घेतला आणि बन गोड. म्हणजे शिऱ्यासारखा गोड नाही, पण जिभेवर आधी साखर येते आणि मागून वडा येतो, आणि लसणाची चटणी आणि साखर यांचं काही जमत नाही. दोन घासांनंतर मी वडा काढून नुसता खाल्ला.

मग एका रेस्टॉरंटच्या मेनूवर "बॉम्बे बर्गर" दिसला म्हणून पाऊण तास ट्रेनने गेलो. आलं ते असं, जाड कडक ब्रेड, आत मटार-गाजर घातलेली चपटी टिक्की, मेयोनीज आणि लेट्यूस. पैसे दिले, बाहेर आलो, पाऊस. नवरा काही बोलला नाही, नुसती छत्री उघडली. त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं, आणि ते भुकेचं नव्हतं.

त्यानंतर मी ब्रेडकडे नीट बघायला लागले. जर्मनीत ब्रेडची कमी नाही, उलट ब्रेडवर प्रेम करणारे लोक आहेत हे, कोपऱ्याकोपऱ्यावर बेकरी, सकाळी सहाला उघडतात, राईचा ब्रेड, बियांचा ब्रेड, काळा, करडा, आंबट. आणि ब्रोटशेन, म्हणजे मुठीएवढे गोल पाव, रोज ताजे. मी एकेक आणून बघितला. मिल्शब्रोटशेन म्हणून दुधाचे मऊ पाव असतात, ते मऊ आहेत पण गोड. साधे ब्रोटशेन गोड नाहीत पण वरचं कवच असं की दाबलं की चुरा पडतो आणि वडा मागच्या बाजूने बाहेर. पार्टीसाठी म्हणून एकमेकांना चिकटवून भाजलेले पाव मिळतात, गोल चकतीसारखे, ते बेकरीच्या काचेत लांबून बघितले आणि मला वाटलं लादी! अक्षरशः आत पळत गेले. तोडून बघितलं, बाजू छान मऊ सुटली लादीसारखी, पण वर तेच कवच आणि खसखस. नवऱ्याच्या आग्रहाखातर टोस्टचा स्लाइस ब्रेडसुद्धा करून बघितला, तोही गोडसर, शिवाय वड्याच्या वाफेने लगदा.

हे सगळं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की इथे मऊ आहे ते सगळं गोड आहे आणि जे गोड नाही ते सगळं कडक आहे. आपला पाव या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो, मऊ पण अळणी-अळणीसा, स्वतःची फार चव नसलेला, स्वस्त. घरी असताना पावाचा मी कधी विचारच केला नव्हता. कौतुक सगळं वड्याचं आणि चटणीचं, पाव म्हणजे बेकरीतून आणायचा, सहाची लादी, पिशवीत टाकायची, संपलं.

मग डोक्यात आलं पोर्तुगीज. पाव हा शब्दच त्यांचा, आणि हॅम्बुर्गला बंदराजवळ, लांडुंग्सब्र्युकनच्या बाजूला, अख्खी पोर्तुगीज वस्ती आहे, ओळीने कॅफे आणि रेस्टॉरंटं. एका शनिवारी गेले. काउंटरवरच्या काकांना मी "पाव" म्हटलं तर त्यांना कळलं, त्यांचा उच्चार नाकातून, पाँव सारखा. मग मी सांगितलं की आम्ही बटाट्याला बटाटा म्हणतो, त्यांच्याकडे "बताता", आणि आमच्याकडे एक पदार्थ आहे ज्यात बटाटा पावात घालतात. ते इतके खूश झाले की आतून त्यांच्या बायकोला बोलावून आणलं. मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आली, म्हणजे वडापावात पाव, बटाटा आणि मिरची तिन्ही गोष्टी समुद्रावरून आलेल्या, बेसन आणि लसूण तेवढे आपले आधीपासूनचे. हे मी वाचलं होतं कधीतरी पण तिथे उभं राहून त्यांच्या तोंडून बताता ऐकताना अंगावर काटा आला.

पाव मात्र आपला नव्हता. त्यांचा जो रोजचा छोटा पाव, पापो-सेको, तो मधे फट असलेला, टोकाला निमुळता आणि बाहेरून कुरकुरीत. त्यात ते मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मांस घालून बिफाना करतात, त्याचा रस्सा पावात उतरतो, त्यांच्यासाठी तो बरोबर आहे. म्हणजे गोव्यात येऊन पाव बदलला, गोव्यात यीस्टऐवजी ताडीने पीठ फुगवायचे, मग मुंबईत आला, बेकऱ्यांमधे लादी झाला, आणि आता तो मूळ घरी परत जाऊन शोधला तर तिथे तो नाहीच. चार पाव घेऊन आले तरीही. करून बघितलं. वडा छान लागला, पण तो वडापाव नव्हता.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा कलीग इथलाच, पिढ्यान् पिढ्या हॅम्बुर्गचा. त्याला मी हे सगळं सांगायचे दर सोमवारी. मला वाटायचं त्याला कंटाळा येत असेल, पण एक दिवस तो म्हणाला की तो दोन वर्षं म्युनिकला होता आणि तिथे त्याला फिशब्रोटशेन मिळायचं नाही. फिशब्रोटशेन म्हणजे इथला वडापावच समजा, ब्रोटशेनमधे खारवलेला किंवा व्हिनेगरमधला हेरिंग मासा आणि कांदा, बंदरावर उभं राहून वाऱ्यात खायचा. मी म्हटलं मासा मिळत नसेल तिकडे. तर म्हणाला मासा मिळायचा गं, मासा डब्यात जातो कुठेही, ब्रोटशेन त्या सकाळचं नसायचं. हे ऐकून मी त्याला म्हटलं, तुला माझं दुःख कळलंय.

मधे लंडनला चार दिवसांचं ऑफिसचं काम निघालं. हाउन्स्लोला श्रीकृष्ण वडापाव आहे, मुंबईत कॉलेजात एकत्र असलेल्या दोन मित्रांनी २०१० मधे सुरू केलेलं, त्याबद्दल ऐकून होते. मीटिंग संपली तशी ट्यूब पकडून थेट तिकडे. दोन खाल्ले आणि दोन बांधून घेतले. गरम वडा, लाल चटणी, मिरची, आजूबाजूला मराठी बोलणारी दोन टेबलं. मी आईला फोन केला तिथूनच, ती म्हणाली अगं आवाज कसला येतोय तुझा, सर्दी झालीय का. पण हॅम्बुर्ग ते लंडन विमान आणि व्हिसा, हे काही दर महिन्याला होणार नाही. तिथून एक मात्र घेऊन आले, जमू शकतं हा विश्वास. ठाण्यापासून इतक्या लांब कुणीतरी रोज करतंय ना.

आता घरी करायचं ठरलं. वडा तसा लवकर बसला, त्याचं थोडक्यात सांगते. इथे बटाट्याच्या पिशवीवरच लिहिलेलं असतं शिजल्यावर कसा होणार, फेस्टकोखेंड म्हणजे घट्ट राहणारा, मेलिश कोखेंड म्हणजे पिठूळ. मी पहिल्यांदा न बघता घट्टवाला आणला होता आणि सारण गोंदासारखं चिकट, लाटेना की वळेना. पिठूळ घ्यायचा, आणि उकडल्यावर कुस्करून पूर्ण गार होऊ द्यायचा, मिक्सरला अजिबात लावायचा नाही. बेसन भारतीय दुकानातलंच घ्या, इथे सुपरमार्केटमधे चण्याचं पीठ मिळतं पण ते काबुली चण्याचं, आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, फरक पडतो. आलं-लसूण-मिरचीचा ठेचा जाडसर, हळद, कोथिंबीर, मोहरी-हिंगाची फोडणी. मटार नाही. फोडणी करताना किचनचं दार बंद ठेवा, इथे घराघरात स्मोक अलार्म सक्तीचे आहेत आणि आमचा एकदा रात्री साडेदहाला वाजला, वरच्या आजी नाइट गाउनमधे खाली आल्या, मग त्यांनाही वडा दिला.

चटणीला सुकं खोबरं वाटीतलंच हवं, इथे केकसाठी जो खोबऱ्याचा कीस पाकिटात मिळतो तो भाजला की नुसता पटकन करपतो, तेल सुटत नाही. मी आता ठाण्याहून येताना चार वाट्या आणते. लसूण, खोबरं, बेडगीचं तिखट, मीठ, आणि वड्याच्या पिठाचा तळलेला चुरा, हे खलबत्त्यात कुटायचं. मिरचीसाठी बरीच वणवण केली, तुर्की दुकानात लांब मिळते ती बिनतिखट, आशियाई दुकानातली छोटी ती इतकी तिखट की खाऊच शकत नाही. आता अफगाण दुकानवाल्याला माहितीय, मधल्या आकाराची आली की तो बाजूला ठेवतो माझ्यासाठी.

पण पाव. पावाने मला सहा महिने रडवलं. नेटवर जितक्या लादी पावाच्या रेसिप्या आहेत त्यातल्या बऱ्याचशांत दूध, दुधाची पावडर, भरपूर बटर, वरून परत बटर. केले. दिसायला सुंदर, सोनेरी, फुगलेले, फोटो काढण्यासारखे. आणि खाल्ल्यावर परत तेच, दुधाचा मऊ गोडसर बन, घरचा असला म्हणून काय झालं. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तसेच. मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले तर ती म्हणाली, छान झालेत गं, पण हा पाव वाटत नाही, केक वाटतो.

मग आईनेच केलं जे करायचं ते. आमच्या बिल्डिंगच्या मागे बेकरी आहे, तिथले चाचा मी शाळेत होते तेव्हापासून तिथे भट्टीवर आहेत. आई संध्याकाळी पिशवी घेऊन गेली, पाव घेतले आणि त्यांना सरळ विचारलं की मुलगी परदेशात आहे, तिला पाव जमत नाही, काय घालता सांगा. ते हसले म्हणे, आणि म्हणाले, "ताई, उसको बोलो दूध मत डालना. मैदा, पानी, नमक, खमीर, शक्कर नाम के लिए. ये गरीब का ब्रेड है, इसमें दूध कहाँ से आएगा." आईने हे वाक्य मला तसंच्या तसं सांगितलं आणि मी ऐकतच राहिले. सहा महिने मी पाव श्रीमंत करत होते!

हे इतकं उघड होतं खरंतर. वडापाव कुणासाठी सुरू झाला, १९६६ च्या आसपास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी पहिल्यांदा वडा पावात घालून विकला असं सांगतात, खाणारे कोण तर शिफ्टला जाणारे गिरणी कामगार, हातात धरून चालता चालता खाता येईल आणि खिशाला परवडेल असं काहीतरी. त्या पावाला बटरची चव असून चालणारच नाही. त्याचं काम चटणी धरून ठेवायचं आणि वड्याची वाफ पोटात घ्यायचं.

चाचांनी आणखी सांगितलं की पीठ हाताला चिकटेल इतकं सैल हवं, सैल पिठाला घाबरायचं नाही, आणि ट्रेमधे गोळे इतके जवळ ठेवायचे की फुगल्यावर एकमेकांना ढकलतील, म्हणजे बाजूंना कवच धरत नाही. भट्टी त्यांची लाकडावरची. २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने मुंबईतल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडायला सांगितलं तेव्हापासून त्यांच्याकडेही तीच चर्चा, आपली कधी बदलावी लागणार. हवा वाईट झालीय हे खरंच आहे आणि भट्टीपाशी बारा तास उभं राहणाऱ्याची छाती त्याहून वाईट, त्यामुळे माझं काही म्हणणं नाही, पण त्या पावाच्या खालच्या बाजूला जो किंचित धुराचा वास असतो तो माझ्या इलेक्ट्रिक ओव्हनमधे कधीच येणार नाही हे मी मान्य केलंय.

माझं आता बसलेलं माप असं, ५०० ग्रॅम मैदा, इथला टाइप ५५० वाला (हे नंबर म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते त्याचे, ४०५ जास्त बारीक आणि केकचा, त्याचा पाव फुगतो पण तुटतो), ३२० मिली कोमट पाणी, ताज्या यीस्टच्या ४२ ग्रॅमच्या वडीतली अर्धी, १० ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर, २० ग्रॅम साधं तेल, तेही शेवटी. दहा-बारा मिनिटं मळायचं, सुरुवातीला चिकटतं, मग आपोआप सुटायला लागतं, मधे पीठ घालायचा मोह आवरायचा. तासभर झाकून. इथल्या थंडीत किचनच्या ओट्यावर काहीच फुगत नाही, ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवते. मग बारा गोळे, ट्रेमधे बोटभर अंतराने, परत पाऊण तास. २२० डिग्रीला १५ ते १८ मिनिटं, आणि बाहेर काढल्या काढल्या ओलसर फडकं घट्ट पिळून वर झाकायचं, हे फार महत्त्वाचं, वरची जी पातळ कागदासारखी साल असते पावाची ती या वाफेने होते. पहिल्यांदा मी हे फडकं दहा मिनिटांनी काढलं आणि पावाला बोटाने दाबलं, तो दबला आणि हळूच वर आला. आईला कॉल लावलेलाच होता. ती म्हणाली, परत दाब. परत दाबला. "झाला गं बाई", एवढंच म्हणाली.

त्या रात्री आम्ही सहा खाल्ले दोघांत. नवऱ्याने स्लाइसचं नाव काढलं नाही. कलीगला सोमवारी डब्यात नेला, त्याने गार झालेला खाल्ला तरी विचारलं ब्रेड कुठल्या बेकरीचा.

गणपतीला इथली मराठी मंडळी एक हॉल घेतात, यंदा मी म्हटलं वडापाव माझ्याकडे. आदल्या दिवशी आठ लाद्या केल्या, म्हणजे शहाण्णव पाव, दोन मैत्रिणी मदतीला, ओव्हन सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. हॉलवर तळायची परवानगी नव्हती म्हणून वडे घरून डब्यात, ते गरम राहिले नाहीत हवे तसे, याची मला अजून रुखरुख आहे. तरी लोक रांगेत दोनदा-तीनदा आले.

एक काका आहेत, मूळचे गिरगावचे, इथे येऊन पन्नास वर्षं होत आली, बायको इथली, मराठी थोडं अडखळत बोलतात आता. त्यांनी वडापाव घेतला, बाजूला खुर्चीवर बसून शांतपणे खाल्ला, मग परत आले. मी वडा उचलला तर म्हणाले, "नको गं पोरी, वडा नको. मला नुसते दोन पाव देशील? सकाळी चहाबरोबर खाईन."

मी त्यांना अख्खी लादी दिली, फडक्यातच गुंडाळून.